वैरी असलेल्या दोन हुकूमशाह्या एकमेकींशी लढू लागल्यास हस्तक्षेप करावा की नाही, हे कसे ठरवावे

ज्या दोन राजवटी आपल्या देशाला पाण्यात पाहतात, त्याच एकमेकींवर तुटून पडल्या की तिसऱ्या देशात पहिली प्रतिक्रिया बहुधा सुटकेची असते. ‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ ही म्हण अशा वेळी कोणी न सांगता आठवते. २२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले, त्यानंतर दोन दिवसांच्या आत अमेरिकेतील हॅरी ट्रुमन या तेव्हाच्या सिनेटरने आणि पुढील राष्ट्राध्यक्षाने हा विचार उघडपणे बोलून दाखवला. जर्मनी जिंकत आहे असे दिसले तर रशियाला मदत करावी, रशिया जिंकत आहे असे दिसले तर जर्मनीला करावी आणि त्यांना एकमेकांची जितकी माणसे मारता येतील तितकी मारू द्यावीत, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र हिटलर कोणत्याही परिस्थितीत विजयी झालेला आपल्याला नको, अशी पुस्ती त्यांनी लगेच जोडली. या पुस्तीकडे नीट पाहावे. दोघेही सारखेच वाईट आहेत असे म्हणणाऱ्यालाही युद्धाचा शेवट कसा व्हावा हे ठरवावेच लागते, आणि ते ठरवताच पहिला अर्धा भाग टिकत नाही.

मतदार म्हणून, लोकप्रतिनिधी म्हणून किंवा एखाद्या संपादकीय भूमिकेसाठी, अशा युद्धाबद्दल विचारपूर्वक मत बनवायचे असेल तर ते कोणत्या क्रमाने बनवावे, हे पुढे मांडले आहे. उदाहरणे अनेक युद्धांतून घेतली असली तरी सर्वाधिक भर १९८० ते १९८८ या काळातील इराण-इराक युद्धावर आहे, कारण तिसऱ्या देशांना जे जे पर्याय सुचू शकतात ते जवळजवळ सगळे त्या आठ वर्षांत वापरून झाले आणि त्यांचे परिणाम आज आपल्यासमोर आहेत.

हस्तक्षेप म्हणजे नेमके काय, हे आधी लिहून काढावे

‘हस्तक्षेप करावा का’ हा प्रश्न जसाच्या तसा सोडवायला घेऊ नये, कारण या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी येतात. सैन्य पाठवणे हा हस्तक्षेप आहे, तसेच शस्त्रे विकणे, कर्ज देणे, उपग्रहांनी टिपलेली शत्रूच्या फौजांची माहिती पुरवणे, जहाजांना संरक्षण देणे, एखाद्या देशाला निर्बंधांच्या यादीतून वगळणे, मध्यस्थी करणे आणि सुरक्षा परिषदेत एखाद्या ठरावातील वाक्य गाळून घेणे हेही हस्तक्षेपच आहेत. यांतील प्रत्येकासाठी बाजूची आणि विरोधी कारणे स्वतंत्रपणे लिहावीत. मध्यस्थीला लागू पडणारी कारणे बॉम्बफेकीला लागू पडत नाहीत, आणि एकावरचा आक्षेप दुसऱ्यावर लादल्यामुळेच या विषयावरील बहुतेक वादविवाद वाया जातात.

‘आपण यात पडू नये’ असे म्हणणाऱ्यांनी आपला देश आधीच त्यात पडलेला नाही ना, हे तपासावे. इराण-इराक युद्धात अमेरिकेची अधिकृत भूमिका तटस्थतेची होती. प्रत्यक्षात फेब्रुवारी १९८२ मध्ये तिने इराकचे नाव दहशतवादाला पाठबळ देणाऱ्या देशांच्या यादीतून काढले, नोव्हेंबर १९८४ मध्ये त्याच्याशी राजनैतिक संबंध पुन्हा जोडले आणि रणांगणावरील गुप्त माहितीही त्याला पुरवली; त्याच वेळी १९८५ आणि १९८६ मध्ये इराणला गुपचूप रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे विकली. फ्रान्सने १९८३ मध्ये इराकला पाच लढाऊ विमाने वापरण्यासाठी दिली, आणि तेलवाहू जहाजांवर क्षेपणास्त्रे डागण्यासाठी त्यांचा उपयोग झाला. नागरिकांना तटस्थतेचे आश्वासन दिले जात असताना व्यवहार वेगळाच चालू असेल, तर पुढची सगळी चर्चा खोट्या पायावर उभी राहते. म्हणून शस्त्रविक्रीचे परवाने, कर्जाची हमी आणि गुप्तवार्तेची देवाणघेवाण या तीन गोष्टींविषयी सरकारला पहिल्या आठवड्यातच जाहीर प्रश्न विचारावेत.

आक्रमण कोणी केले, हे तारखेसह नोंदवावे

दोन्ही राजवटी जुलमी आहेत म्हणून युद्धाची जबाबदारीही दोघींवर सारखीच येते, असे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम २(४) प्रत्येक देशाच्या भूमीला बळजबरीपासून संरक्षण देते. तेथील राज्यकर्ते सज्जन असावेत अशी अट त्यात नाही, आणि ती नसणेच योग्य आहे, कारण तशी अट असती तर प्रत्येक आक्रमकाने शेजाऱ्याला दुर्जन ठरवून तिचा फायदा घेतला असता.

२२ सप्टेंबर १९८० रोजी इराकी फौजा इराणमध्ये शिरल्या. सहा दिवसांनी, २८ सप्टेंबरला, सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ४७९ संमत केला. त्यात बळाचा आणखी वापर थांबवण्याचे आवाहन होते, परंतु इराकी सैन्य इराणच्या भूमीवर उभे असतानाही सीमेपलीकडे माघार घेण्याची मागणी नव्हती. इराणच्या दृष्टीने याचा अर्थ असा झाला की जेवढे गिळले तेवढे आक्रमकाकडेच राहणार. अमेरिकी दूतावासातील कर्मचारी तेव्हा तेहरानमध्ये ओलीस होते आणि इराणबद्दल कोणाला सहानुभूती वाटण्याचे दिवस नव्हते, हे खरे आहे. पण कायद्याची मागणी सहानुभूतीवर अवलंबून ठेवली की ती कायद्याची राहत नाही. आंतरराष्ट्रीय सीमेपर्यंत माघारीची मागणी प्रथम आली ती १२ जुलै १९८२ च्या ठराव क्रमांक ५१४ मध्ये. तोपर्यंत इराणने २४ मे रोजी आपले खोर्रमशहर हे शहर परत जिंकले होते, आणि ठरावाच्या दुसऱ्याच दिवशी इराणी फौजांनी इराकच्या हद्दीत मोठी चढाई सुरू केली. जे वाक्य इराणच्या भूमीसाठी दोन वर्षे सुचले नव्हते, ते इराकच्या भूमीवर संकट येताच सुचले. या परिषदेवर इराणचा विश्वास पुढे कित्येक वर्षे बसला नाही, यात नवल नाही.

यातून दोन सवयी लावून घ्याव्यात. पहिली अशी की राजवट कितीही नावडती असली तरी आक्रमकाने माघार घ्यावी ही मागणी पहिल्याच आठवड्यात, देशाचे नाव घेऊन करावी. तिला ना सैन्य लागते ना पैसा. दुसरी अशी की हा निर्णय एकदा करून बाजूला ठेवू नये. ज्याच्यावर आक्रमण झाले तोच पुढे सीमा ओलांडून दुसऱ्याची राजवट उलथवायला निघू शकतो, आणि इराणने १९८२ च्या उन्हाळ्यात नेमके तेच केले. सप्टेंबर १९८० मधील उत्तर ऑगस्ट १९८२ मध्ये चालत नाही.

अंतर्गत जुलूम आणि युद्धाचा परिणाम यांची गल्लत करू नये

यानंतर दोन्ही संभाव्य विजयांची कल्पना करावी. येथे बहुतेक जण कोणता हुकूमशहा अधिक क्रूर आहे याची तुलना करू लागतात. ती तुलना निरर्थक नाही, पण निर्णयासाठी अधिक उपयोगाचा प्रश्न असा आहे की कोणाचा विजय झाला तर त्याच्या हाती काय लागेल आणि तो त्यानंतर कोठे वळेल.

विन्स्टन चर्चिल हे आयुष्यभर साम्यवादाचे कडवे विरोधक होते. तरीही २२ जून १९४१ च्या रात्रीच रेडिओवरील भाषणात त्यांनी रशियाला शक्य ती सर्व मदत देण्याचे जाहीर केले आणि १२ जुलैला ब्रिटन व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. स्टालिनच्या तुरुंगांबद्दल त्यांचे मत बदलले नव्हते. पण ब्रिटन आधीच जर्मनीशी युद्धात होता, आणि रशियाचे धान्य व तेल हिटलरच्या हाती पडले असते तर पुढची पाळी ब्रिटनची होती. म्हणजे दोन गोष्टी एकत्र आलेल्या होत्या: एका बाजूने आपल्यावर हल्ला केलेला होता, आणि तिच्या विजयामुळे आपले अस्तित्वच धोक्यात येणार होते. या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तर कमी धोक्याच्या हुकूमशाहीला साह्य करणे समर्थनीय ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याची किंमत पोलंडपासून बल्गेरियापर्यंतच्या लोकांनी १९४५ नंतर चार दशके मोजली, हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे. मदत करताना विजयानंतरच्या प्रदेशांबद्दल काय ठरले होते आणि काय ठरवायचे राहून गेले, हा प्रश्न तेव्हा पूर्व युरोपातील लोकांच्या गळ्याशी आला.

१९४१ चे उदाहरण प्रत्येक युद्धाला चिकटवण्याचा मोह मात्र टाळावा. बहुतेक वेळा या दोन अटींपैकी एकही पूर्ण झालेली नसते. ‘हा नवा हिटलर आहे’ असे कोणी म्हणाले तर त्याला दोनच प्रश्न विचारावेत: याने आपल्यावर किंवा आपण ज्यांच्या संरक्षणाला करारबद्ध आहोत त्यांच्यावर हल्ला केला आहे का? आणि शेजारचा देश जिंकून तेथे टिकण्याची क्षमता त्याच्याकडे आहे, याचा पुरावा काय?

‘दोघांनाही झिजू द्यावे’ हा पर्याय नीट तपासावा

हा पर्याय सर्वांत आकर्षक वाटतो, म्हणून त्यावर सर्वांत जास्त वेळ घालवावा. आपले एकही माणूस मरत नाही, दोन शत्रू दुबळे होतात आणि काट्याने काटा निघतो, असे त्याचे गणित असते. या गणितात चार चुका आहेत.

झिजते ती राजवट नसते. खंदकात मरतो तो सक्तीने भरती झालेला शेतकऱ्याचा किंवा मजुराचा मुलगा. त्याला हे सरकार निवडण्याचा अधिकार कधीच मिळालेला नसतो, आणि पळून जाण्याचा प्रयत्न केला तर त्याचेच लोक त्याला गोळी घालतात. इराणच्या स्वयंसेवक दलात अल्पवयीन मुले होती आणि सुरुंग पेरलेल्या मैदानांवरून त्यांना पुढे पाठवले गेले. इराण-इराक युद्धातील मृतांचे अंदाज एकमेकांशी जुळत नाहीत, पण सर्वांत कमी अंदाजही लाखांत आहे. लोकशाही देशातील नागरिक हुकूमशाहीचा विरोध करतो तो ती आपल्याच माणसांना चिरडते म्हणून. मग त्याच माणसांचे मरण त्याला लाभाच्या रकान्यात मांडता येणार नाही.

दुसरे असे की युद्धाने हुकूमशाही क्वचितच दुबळी होते. १९८० मध्ये इराणमधील क्रांतीला दीड-दोन वर्षेच झाली होती आणि सत्ताधारी गटांत तीव्र संघर्ष चालू होता. बाहेरील आक्रमणामुळे सरकारला देशभक्तीचे कवच मिळाले आणि विरोधकांना देशद्रोही ठरवणे सोपे झाले. इराकमध्येही युद्ध संपले तेव्हा सद्दाम हुसेन सत्तेवरच होते, आणि त्यांच्यापाशी त्या प्रदेशातील एक अतिशय मोठे, लढून तयार झालेले सैन्य होते.

तिसरी चूक हिशेबाच्या मुदतीची आहे. कुवेतने इराणच्या भीतीपोटी इराकला अब्जावधी डॉलरचे कर्ज दिले होते. ती भीती काल्पनिक नव्हती, कारण इराण आपली क्रांती शेजारी देशांत पसरवण्याची भाषा उघडपणे करत होता. पण युद्ध थांबल्यानंतर दोन वर्षे पूर्ण होण्याच्या आतच, २ ऑगस्ट १९९० रोजी, त्याच कर्जबाजारी इराकचे रणगाडे कुवेतमध्ये शिरले. ज्या ‘लाभा’साठी कुवेतने पैसा ओतला, तो त्याला दोन वर्षेही पुरला नाही.

चौथी चूक मला सर्वांत गंभीर वाटते. दोघांनाही झिजू द्यायचे ठरवले की त्या झिजवण्याच्या साधनांकडे डोळेझाक करणे ओघाने येते. रासायनिक अस्त्रांचा युद्धात वापर करण्यास १९२५ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलने बंदी घातलेली होती. मार्च १९८४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी इराणमध्ये जाऊन मस्टर्ड वायू आणि ताबून या विषारी द्रव्यांचा वापर झाल्याची खात्री केली. तरी सुरक्षा परिषदेच्या अध्यक्षांच्या निवेदनात इराकी सैन्याचे नाव येण्यासाठी मार्च १९८६ उजाडावे लागले. १६ मार्च १९८८ रोजी इराकने हलबजा या आपल्याच हद्दीतील कुर्दी शहरावर विषारी वायू सोडला आणि हजारो नागरिक मेले. त्यानंतर ९ मे रोजी संमत झालेल्या ठराव क्रमांक ६१२ मध्ये रासायनिक अस्त्रांच्या वापराचा निषेध होता, पण ती पुन्हा वापरू नयेत ही अपेक्षा ‘दोन्ही बाजूंकडून’ व्यक्त केलेली होती. दोन्ही बाजूंना सारखे लेखणारे असे वाक्य निःपक्षपाती वाटते, पण ज्याने वायू सोडला त्याला ते पाठीशी घालते. आपल्या देशाने अशा वाक्याला संमती दिली तर प्रतिनिधींना जाब विचारावा.

थोडेसेच सैन्य पाठवण्याचा प्रस्ताव आला तर

असे प्रस्ताव सहसा मर्यादित आणि वाजवी स्वरूपात येतात, म्हणून त्यांचा एक प्रवास जवळून पाहावा. पर्शियन आखातात दोन्ही देश तेलवाहू जहाजांवर हल्ले करू लागले तेव्हा कुवेतने मदत मागितली, आणि १९८७ मध्ये अमेरिकेने कुवेतच्या अकरा तेलवाहू जहाजांवर आपला झेंडा लावून त्यांना नौदलाचे संरक्षण दिले. उद्देश जलवाहतूक सुरक्षित ठेवण्याचा होता आणि तो मला अयोग्य वाटत नाही. पण हे संरक्षण सुरू होण्यापूर्वीच, १७ मे १९८७ रोजी, इराकी विमानाच्या दोन क्षेपणास्त्रांनी अमेरिकेच्या ‘स्टार्क’ या युद्धनौकेवरील ३७ खलाशी मारले गेले होते. इराकने तो अपघात असल्याचे सांगितले, ते मान्य झाले आणि कारवाईचा रोख इराणवरच राहिला. जुलैमध्ये, संरक्षणाखालील पहिल्याच ताफ्यातील ‘ब्रिजटन’ हे जहाज पाणसुरुंगावर आदळले. १४ एप्रिल १९८८ रोजी आणखी एक अमेरिकी युद्धनौका सुरुंगाने फुटली, आणि चार दिवसांनी अमेरिकेने इराणच्या नौदलाशी उघड लढाई केली.

मग ३ जुलै १९८८ चा दिवस आला. ‘व्हिन्सेन्स’ ही अमेरिकी युद्धनौका इराणच्या छोट्या लढाऊ नौकांचा पाठलाग करताना इराणच्या प्रादेशिक समुद्रात शिरली होती. त्याच सुमारास बंदर अब्बासहून दुबईला जाणारे इराण एअरचे ६५५ क्रमांकाचे एअरबस विमान नेहमीच्या हवाई मार्गाने वर चढत होते. जहाजावरच्या नियंत्रण कक्षात ते चाल करून येणारे एफ-१४ लढाऊ विमान समजले गेले. ते खाली झेपावत आहे असे तेथे ओरडून सांगितले गेले, मात्र यंत्रातील नोंदीत ते चढतच होते. विमान धावपट्टी सोडून सातच मिनिटे झाली असतील-नसतील, तोच दोन क्षेपणास्त्रे सुटली आणि आतील सर्वच्या सर्व २९० माणसे मारली गेली. जहाजांच्या रक्षणासाठी आलेल्या नौदलाच्या हातून हे घडले. १९९६ मध्ये अमेरिकेने मृतांच्या कुटुंबीयांसाठी ६ कोटी १८ लाख डॉलर देण्याचे मान्य केले, पण कायदेशीर जबाबदारी स्वीकारली नाही.

म्हणून मर्यादित लष्करी प्रस्ताव समोर आला की पुढील प्रश्नांची लेखी उत्तरे मागावीत. आपल्याला कोणी बोलावले आहे? निकाराग्वाच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९८६ मध्ये स्पष्ट केले आहे की सामूहिक स्वसंरक्षणासाठी हल्ला झालेल्या देशाने स्वतः तशी विनंती केलेली असावी लागते. आपणच परस्पर त्याचे रक्षक होऊ शकत नाही. दोन्ही बाजूंनी हल्ले होत असतील तर दोन्ही बाजूंना सारखेच उत्तर मिळणार आहे का? आपले सैनिक मारले गेले तर मोहिमेचा उद्देश तोच राहील की वाढेल? गोळीबाराचे नियम कोण ठरवेल आणि नागरी विमाने, मच्छीमार नौका, रुग्णवाहिका ओळखण्याची काय व्यवस्था आहे? आणि कोणती गोष्ट घडली की आपण परत येऊ? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘परिस्थिती पाहून’ असे आले तर मी त्या प्रस्तावाला विरोध करीन, तुम्हीही करावा.

सामूहिक संहार चालू असेल तर

वरील सगळी सावधगिरी एका प्रकारच्या परिस्थितीत अपुरी पडते. २५ डिसेंबर १९७८ रोजी व्हिएतनामने कंबोडियावर चढाई केली आणि ७ जानेवारी १९७९ ला नॉम पेन्ह ही राजधानी घेतली. दोन्हीकडे साम्यवादी एकपक्षीय सत्ता होत्या आणि पाश्चात्त्य देशांना दोन्ही नकोशा होत्या. पण कंबोडियात सत्तेवर असलेल्या ख्मेर रूज या साम्यवादी गटाच्या चार वर्षांहून कमी काळाच्या राज्यात सुमारे पंधरा ते वीस लाख माणसे उपासमारीने, अतिश्रमाने, रोगाने किंवा थेट हत्येने मेली होती, आणि तो संहार व्हिएतनामी सैन्यामुळे थांबला. व्हिएतनामचा हेतू मानवतावादी नव्हता; सीमेवरील हल्ल्यांना उत्तर आणि शेजारी आपले वर्चस्व, हे त्याचे हेतू होते. फेब्रुवारी १९७९ मध्ये चीनने व्हिएतनामवर चढाई करून सुमारे महिनाभर लढाई केली. अनेक लोकशाही देशांनी संयुक्त राष्ट्रांत कंबोडियाची जागा पदच्युत ख्मेर रूजच्या प्रतिनिधींकडेच राहू देण्यास मत दिले, आणि १९८२ नंतर ती ज्या आघाडीकडे गेली तिच्यातही ख्मेर रूज होतेच.

परकीय सैन्याने बसवलेल्या सरकारला मान्यता न देणे समजण्यासारखे होते. पण त्यासाठी खुनी राजवटीला जागा देण्याची गरज नव्हती; जागा रिकामी ठेवता आली असती. अशा प्रसंगी आक्रमकाचा गौरव करण्याची आवश्यकता नसते, फक्त थांबलेला संहार पुन्हा सुरू होण्यास आपला हातभार लागू नये एवढे पाहावे लागते.

संहार अजून चालूच असेल आणि तो थांबवण्यासाठी बळ वापरण्याचा विचार असेल, तर २००५ च्या जागतिक परिषदेत सर्व देशांनी मान्य केलेले ‘संरक्षणाची जबाबदारी’ हे तत्त्व आधाराला घ्यावे. वंशसंहार, युद्धगुन्हे, वांशिक उच्चाटन आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे या चारच गोष्टींना ते लागू आहे आणि बळाचा वापर सुरक्षा परिषदेच्या मार्फतच व्हावा असे ते सांगते. परिषदेत नकाराधिकार वापरला गेला तर काय करावे, याचे समाधानकारक उत्तर या तत्त्वात नाही. माझ्या मते अशा वेळी शेजारी देशांची सहमती, संहाराचा स्वतंत्र पुरावा आणि केवळ लोकांना वाचवण्यापुरतीच कारवाई, या तिन्ही गोष्टी असल्याशिवाय पाऊल टाकू नये.

सैन्य न पाठवताही जे करावे

सैन्य न पाठवण्याच्या निर्णयानंतर बहुतेक जण थांबतात, आणि खरे काम तेथून सुरू होते. दोन्ही बाजूंना शस्त्रे आणि दुहेरी उपयोगाची, म्हणजे उद्योगात आणि अस्त्रांतही वापरता येणारी, रसायने देणे पहिल्या दिवशी थांबवावे. उशीर झाला तर काय होते, हे इथिओपिया आणि एरिट्रिया यांच्या युद्धात दिसले. मे १९९८ मध्ये बाडमे या गावावरून सुरू झालेल्या या युद्धात सुरक्षा परिषदेची सक्तीची शस्त्रबंदी १७ मे २००० रोजी आली. तोवर दोन्ही गरीब देशांनी हवी ती शस्त्रे विकत घेऊन झाली होती. रसायनांच्या बाबतीत केवळ सरकारवर नव्हे, तर आपल्या व्यापाऱ्यांवरही लक्ष ठेवावे लागते. इराकला विषारी वायूसाठी कच्चा माल विकणाऱ्या एका डच व्यापाऱ्याला नेदरलँड्समधील न्यायालयाने २००५ मध्ये युद्धगुन्ह्यांत साथ दिल्याबद्दल शिक्षा दिली, म्हणजे जवळजवळ वीस वर्षांनी. निर्यातीचा परवाना रोखायला एक दिवस पुरतो.

मध्यस्थीला कमी लेखू नये, आणि ती सोपीही समजू नये. अल्जीरियाचे परराष्ट्रमंत्री मोहम्मद बेनयाहिया मध्यस्थीसाठी जात असताना ३ मे १९८२ रोजी त्यांचे विमान इराण-तुर्कस्तान सीमेजवळ पाडले गेले आणि ते मारले गेले. तरीही प्रयत्न थांबले नाहीत. १२ जून १९८४ पासून संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांच्या पुढाकाराने दोन्ही देशांनी नागरी वस्त्यांवर हल्ले न करण्याचे मान्य केले, आणि त्यावर लक्ष ठेवण्यासाठी बगदाद व तेहरान येथे छोटी निरीक्षक पथके बसली. तो समझोता मार्च १९८५ मध्ये मोडला. पण सुमारे नऊ महिने शहरांवरचा मारा बराच थांबला, आणि त्यासाठी कोणाला एकही गोळी झाडावी लागली नाही. संपूर्ण शांतता अशक्य दिसत असेल तेव्हा अशा तुटक गोष्टी मागाव्यात: शहरांवर मारा नको, विषारी वायू नको, युद्धकैद्यांची नोंदणी रेडक्रॉसकडे व्हावी, जखमींना मार्ग मिळावा.

आणि पळून येणाऱ्यांना दार उघडे ठेवावे. सक्तीची भरती टाळून आलेला तरुण हा शत्रुराष्ट्राचा हस्तक नसतो. ज्या राजवटीचा आपण निषेध करतो तिने गमावलेला तो सैनिक असतो. हुकूमशाही खरोखर दुबळी करण्याचा एवढा स्वस्त आणि माणुसकीचा मार्ग दुसरा नाही, तरीही तो सर्वांत आधी बंद केला जातो, याचे मला मनापासून दुःख वाटते.

शस्त्रसंधीनंतरचे काम आधीच ठरवून ठेवावे

आपली भूमिका लिहून तिच्यावर तारीख घालावी, आणि सीमा ओलांडली जाणे, बंदी असलेली अस्त्रे वापरली जाणे, किंवा एका बाजूने शस्त्रसंधीचा प्रस्ताव मान्य करणे यांपैकी काहीही घडले की ती नव्याने तपासावी. शस्त्रसंधी झाली म्हणजे प्रश्न संपला, असे समजू नये. इथिओपिया आणि एरिट्रिया यांनी डिसेंबर २००० मध्ये अल्जियर्समध्ये करार केला. सीमा आयोगाचा निर्णय दोघांवर बंधनकारक राहील असे ठरले, आणि एप्रिल २००२ मध्ये आयोगाने बाडमे एरिट्रियाच्या हद्दीत दाखवले. इथिओपियाने ते प्रत्यक्षात सोडले नाही, करार घडवून आणणाऱ्या देशांनी जोर लावला नाही, आणि २०१८ पर्यंत त्या सीमेवर सैन्ये समोरासमोर उभी राहिली. इराण आणि इराक यांच्यात २० ऑगस्ट १९८८ रोजी गोळीबार थांबला, पण युद्धकैद्यांची शेवटची देवाणघेवाण २००३ पर्यंत चालली.

तेव्हा आपला देश मध्यस्थ म्हणून सही करणार असेल, तर करार कोण राबवणार, न मानणाऱ्यावर कोणते निर्बंध येणार, कैदी किती महिन्यांत सुटणार आणि युद्धकाळातील कर्जांचे काय होणार, हे सहीपूर्वीच मसुद्यात लिहून घेण्याचा आग्रह धरावा.